फुटलेल्या बांधाचा खर्च

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात पाणकाठची मालमत्ता तीन प्रकारची आढळते. धामापूरसारख्या तलावाखालची शेती आणि वस्ती हा पहिला प्रकार; गड आणि कर्ली या नद्यांच्या खाड्यांना लागून असलेली, भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून लागवडीस आणलेली जमीन, जिला खार किंवा खाजण म्हणतात, हा दुसरा; आणि तारकर्ली-देवबाग किंवा तोंडवळी-तळाशील यांसारख्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यांवरील घरे, माडबागा आणि होड्या ओढून ठेवण्याच्या जागा हा तिसरा. तिन्हींची पाण्याने हानी होत आली आहे, परंतु त्या हानीच्या दुरुस्तीचा खर्च कोणी उचलावा या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती उत्तरे ओळीने मांडून पाहिली असता असे दिसते की, सार्वजनिक पैसा काठाकडे जसजसा अधिक येऊ लागला तसतसा तो काठ मोडण्यापूर्वी न येता मोडल्यानंतर येऊ लागला, आणि ज्या हानीला मोडण्याची तारीख दाखवता येत नाही ती बव्हंशी त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

तलावकाठचा इतिहास सर्वांत जुना आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला आहे. धामापूरचा तलाव १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साह्याने बांधला असे परंपरा सांगते. त्याच्या काठी भगवतीचे मंदिर आहे, आणि या तलावाच्या पाण्यावर खालच्या मळ्यांत पावसाळ्यानंतरचे भातपीक, म्हणजे वायंगण, घेतले जाते. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत या तलावाचा समावेश केला, तेव्हा त्याच्या वयाचे पुष्कळ कौतुक झाले. वस्तुतः कौतुक व्हायला हवे ते देखभालीचे, कारण मातीचा बांध आपोआप पाच शतके टिकत नाही. त्यावर उगवलेल्या झाडांची मुळे आत शिरतात, खेकडे आणि उंदीर बिळे करतात, सांडव्याचे तोंड गाळाने आणि पाल्यापाचोळ्याने चोंदते, आणि यांपैकी एकाही गोष्टीकडे चारदोन वर्षे दुर्लक्ष झाले तर कोकणातला एखादा मोठा पाऊस उरलेले काम पुरे करतो. ग्रामदेवता, मानकरी आणि गावातील कामांची वाटणी यांना एकत्र बांधणारी जी दक्षिण कोकणातील व्यवस्था गावऱ्हाटी या नावाने ओळखली जाते, तिच्यात असे काम रोख पैशाविना, घरटी श्रमाच्या हिशेबाने उरकण्याची सोय होती. या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे काहीच कारण नाही, कारण तिच्यात मानाच्या पायऱ्या जन्मावर ठरत आणि श्रमाचा भार खालच्या पायऱ्यांवर अधिक पडे. परंतु ज्यांचे मळे बांध फुटल्यावर वाहून जायचे त्यांनाच बांधाची काळजी वाहावी लागे, हा तिचा गुण नाकारता येत नाही.

खाजणाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. खाडीकाठच्या चिखलवट सपाटीभोवती मातीचा बांध घालायचा, खाडीच्या अंगाने त्याला दगडांचे अस्तर द्यायचे, आणि बांधात अशी झडप बसवायची की ओहोटीला आतले गोडे पाणी बाहेर पडावे पण भरतीचे खारे पाणी आत शिरू नये, अशी ही रचना असते. या झडपेला रायगडकडे उघाडी आणि गोव्यात मानस म्हणतात. पावसाचे पाणी जमिनीतील क्षार हळूहळू धुऊन काढते आणि मग तेथे भात होऊ लागतो. अशा बांधाला भगदाड पडले तर नुकसान त्या हंगामापुरते मर्यादित राहत नाही, कारण जमिनीत पुन्हा मुरलेला क्षार पुढच्या पावसाने निघून जाईपर्यंत पीक हाती लागत नाही. त्यातही वेळेची एक कठोर अट असते. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही वेळी समुद्राला उधाण येते, म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी दर पंधरवड्याला बांधाशी येऊन भिडते, आणि मधल्या दिवसांत भगदाड बुजले नाही तर ते दुप्पट रुंद होते. खाजणाच्या दुरुस्तीचा पैसा किती आहे यापेक्षा तो पंधरा दिवसांत उभा राहतो की नाही, यावर सारे अवलंबून असते.

ही अट ओळखूनच जुन्या व्यवस्था घडलेल्या दिसतात. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात शिलोत्री नावाची एक धारणापद्धती होती, जिच्यात शिलोत्रदार म्हणवणारा सधन माणूस बाहेरचा मोठा बांध स्वखर्चाने घाली व सांभाळी आणि त्याबद्दल सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरावीक भात कुळांकडून घेई, तर आतले लहान बांध कुळांनी राखायचे असत. गोव्यात हेच काम गावकरी संस्थेकडे होते. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिले आणि अफोन्सो मेशिया याने १५२६ साली तिच्या चालीरीतींची सनद लिहून काढली. मानशीच्या तोंडाशी मासे पकडण्याचा हक्क लिलावाने देऊन त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी करण्याची गोव्यातील पद्धत विशेष नोंद घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात दुरुस्तीचा निधी बांधाच्या झडपेतूनच निघे आणि तो फुटण्याची वाट पाहत नसे. गोव्यात संस्था आणि कुलाब्यात सावकारवजा मध्यस्थ असा फरक असला, तरी दोन्हीकडे पिकाचा किंवा मासळीचा एक वाटा देखभालीसाठी आधीच बाजूला निघत होता.

मालवण १८१२ साली कोल्हापूरकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुढे दीर्घकाळ, म्हणजे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा होईपर्यंत, ते रत्नागिरी जिल्ह्याचा भाग राहिले. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या सरकारच्या दृष्टीने पाणकाठची जमीन ही मुख्यतः साऱ्याची बाब होती, आणि म्हणून पुराच्या किंवा धुपीच्या हानीला सरकारने दिलेली पहिली दाद पैसे देण्याची नसून पैसे न घेण्याची होती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात असे कलम होते की, सारा भरणाऱ्या खातेदाराची किमान अर्धा एकर जमीन पाण्याने वाहून नेली तर त्या प्रमाणात साऱ्यात कपात मिळण्याचा त्याला हक्क राहील. त्याच कायद्यात मळईच्या जमिनीचीही, म्हणजे नदीने गाळ टाकून काठाला नव्याने जोडलेल्या जमिनीचीही, व्यवस्था होती. नदी एका काठाचे खाते कमी करते आणि दुसऱ्याचे वाढवते, आणि सरकारने दोन्ही नोंदी मापाने कराव्यात, असा हा हिशेबी दृष्टिकोन होता. त्यात करुणेचा अंश नव्हता हे खरे; परंतु एक मर्म त्याने अचूक ओळखले होते, ते असे की पाणी जमीन एका दिवसातही नेते आणि वीस वर्षांतही नेते. अर्ध्या एकराचे माप लावले की दोन्ही प्रकारची हानी सारखीच मोजली जाई, आणि ती कोणत्या तारखेला झाली हे विचारण्याचे कारण उरत नसे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही मळई आणि धुपीची ही कलमे थोड्या फरकाने कायम राहिली, मात्र तोवर शेतसाराच इतका नाममात्र झाला होता की त्यातील कपात हे दिलाशाचे साधन म्हणून निरुपयोगी ठरले.

सूट देण्यापलीकडे सरकार गेले ते कर्जाच्या रूपाने. शेतकऱ्याला सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या या उचलीला तगाई म्हणत, आणि ती देण्याची प्रथा इंग्रजांपूर्वीही होती. इंग्रजांनी तिला १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा अशा दोन कायद्यांत बांधले. पहिल्या कायद्यात सुधारणा या संज्ञेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात विहिरी आणि तलाव यांच्याबरोबर नदीच्या किंवा अन्य पाण्याखालून जमीन काढणे, पुरापासून तसेच धुपीपासून व पाण्याच्या इतर उपद्रवापासून शेतजमिनीचे रक्षण करणे, आणि अशी जुनी कामे नव्याने उभी करणे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. दुसऱ्या कायद्याखालील कर्ज विपत्तीच्या निवारणासाठी, बी-बियाणे आणि गुरे घेण्यासाठी होते. म्हणजे फुटलेला खारबांध उभारायचा तर पहिला कायदा, आणि बांध फुटल्याने बुडालेल्या भाताचे बियाणे पुन्हा घ्यायचे तर दुसरा. कागदावर ही मांडणी निर्दोष होती. परंतु कर्ज मिळण्यापूर्वी अर्ज, चौकशी आणि तारण हे टप्पे होते, वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे सक्तीची होती, आणि खाजणाची वर सांगितलेली पंधरवड्याची मुदत या टप्प्यांमध्ये बसणारी नव्हती. शिवाय बांध हा अनेकांचा असतो आणि तगाई प्रामुख्याने खातेदाराच्या नावे निघते. वीस जणांच्या शेताला वळसा घालणारा बांध एकाने कर्ज काढून दुरुस्त करावा, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नव्हते.

स्वातंत्र्यानंतर जमीनधारणेची घडी बदलली आणि तिच्याबरोबर बांधाचा प्रश्न सरकारच्या दारात आला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले, या तीन टप्प्यांनी कोकणातील वरकड हक्कदार दूर केले. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जो शेतकरी संप केला, त्यातून या मागणीचे बळ आधीच दिसले होते, आणि ती मागणी न्याय्य होती यात शंका नाही. परंतु बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो हक्कदार गेला, तेव्हा त्या जबाबदारीचा वारस कोण, हे जमीनसुधारणेच्या कायद्यांनी ठरवले नाही. ते ठरवण्याचा प्रयत्न १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने केला. त्याखाली खार जमीन विकास मंडळ स्थापन झाले, बांधाची कामे सार्वजनिक खर्चाने हाती घ्यावीत आणि त्या खर्चाचा काही वाटा लाभधारकांकडून वसूल करावा अशी योजना आली, आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने हे काम राज्य शासनाच्या यंत्रणेत आणले. आज मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तालुक्यांतील खाड्यांवर जे सरकारी खारबंधारे आहेत ते याच परंपरेतले होत.

या बदलाचे मोल कमी लेखता येणार नाही, कारण दगडी अस्तराचा भक्कम बांध एखाद्या गावाच्या ऐपतीबाहेरचा असतो. पण बांध सरकारी झाला की त्यावरचे खेकड्याचे बीळही सरकारी होते, आणि ते बुजवण्यासाठी अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि निविदा लागते. गोव्यातही हेच घडले. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कोमुनिदादींचे बळ ओसरले, बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, खर्चाचा भार सरकारकडे सरकला, आणि मानशीच्या लिलावाचे पैसे मात्र भातापेक्षा मासळीत अधिक रस घेणाऱ्यांच्या हाती जाऊ लागले. याच प्रश्नाला नेदरलँड्सने दिलेले उत्तर तुलनेसाठी उपयोगी आहे. तेथील पाणीमंडळे, ज्यांच्यापैकी ऱ्हाइनलँडचे मंडळ तेराव्या शतकातले आहे, समुद्राच्या बांधामागे राहणाऱ्यांकडून स्वतःचा स्वतंत्र कर घेतात आणि तो बांध सुस्थितीत ठेवण्यावर खर्च करतात. त्यांचे कारभारी निवडणुकीने येतात. कोकणात गावाची व्यवस्था मोडली आणि सरकारची आली. मधली, कर घेणारी पण गावाला उत्तरदायी असलेली अशी संस्था उभी राहिली नाही.

जमिनीकडून घराकडे आणि कर्जाकडून अनुदानाकडे झालेला प्रवास तुलनेने अलीकडचा आहे आणि तो मुख्यतः दिल्लीत ठरलेल्या सूत्रांनी घडला. दुसऱ्या वित्त आयोगाने, म्हणजे केंद्र व राज्ये यांच्यात महसुलाची वाटणी सुचवणाऱ्या घटनात्मक मंडळाने, नैसर्गिक आपत्तींसाठी राज्यांनी काही रक्कम राखून ठेवण्याची सोय केली. नवव्या आयोगाच्या शिफारशीवरून १९९०-९१ पासून आपत्ती साहाय्य निधी आला. आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर २०१० पासून त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीने घेतली. महाराष्ट्रासारख्या राज्यात या निधीतील ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. निधीतून कोणाला किती द्यायचे याचे निकष केंद्र ठरवते, आणि गावपातळीवर त्याची सुरुवात तलाठ्याच्या पंचनाम्याने, म्हणजे पंचांसमक्ष केलेल्या नुकसानीच्या लेखी नोंदीने होते.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतून गेले तेव्हा ही यंत्रणा पूर्ण वेगाने चाललेली दिसली. मालवण आणि देवगड तालुक्यांत घरांची छपरे उडाली, माड आणि आंब्याची झाडे मोडली, होड्या आणि जाळ्यांचे नुकसान झाले. केंद्राच्या तेव्हाच्या निकषानुसार पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट प्रदेशात ९५,१०० रुपये आणि किमान १५ टक्के मोडलेल्या पक्क्या घराला ५,२०० रुपये मिळत. आदल्या वर्षीच्या निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी राज्य शासनाने स्वतःची भर घालून पूर्ण पडलेल्या घराची रक्कम दीड लाखावर नेली होती, आणि तौक्तेग्रस्तांनाही तेच वाढीव दर लावून २५२ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. मोडलेल्या माडासाठी २५० आणि पोफळीसाठी ५० रुपये असा दर होता. फळाला यायला वर्षे घेणाऱ्या आणि पिढ्यान् पिढ्या नारळ देणाऱ्या झाडाची ही किंमत वाचून बागायतदारांना काय वाटले असेल ते सांगण्याची गरज नाही. परंतु येथे लक्षात घेण्याची बाब रकमेची नाही. वादळाला तारीख होती. त्यामुळे पंचनामे झाले, निकष लागू झाले आणि पैसा निघाला.

देवबागच्या पट्ट्यावर जे सतत चालू असते त्याला अशी तारीख नाही. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्या मध्ये हे गाव वाळूवर वसले आहे, आणि कर्ली जेथे समुद्राला मिळते त्या संगमाच्या आसपास वाळू आज इथे तर उद्या तिथे अशी हलत राहते. पावसाळ्यात समुद्राकडची बाजू खचते, माड मुळांसह उघडे पडून कोसळतात, काही वाळू परत येते आणि काही येत नाही. केंद्राच्या निकषांत जमीन गमावल्याबद्दल लहान व सीमांत शेतकऱ्यांना अनुदानाची तरतूद आहे, पण ती दरड, हिमस्खलन किंवा नदीने पात्र बदलणे या कारणांपुरती. याचा शब्दशः अर्थ असा होतो की देवबागमधील जमीन कर्लीने नेली तर ती या तरतुदीत बसू शकते आणि समुद्राने नेली तर बसत नाही, जरी दोन्हींमधले अंतर काही ठिकाणी चालत जाण्याइतकेच असले तरी. राज्य शासनाने समुद्राचे उधाण ही राज्यस्तरीय आपत्ती मानून थोडी वाट मोकळी केली. मात्र उधाण हीसुद्धा एक घटना आहे, आणि वर्षानुवर्षांची धूप म्हणजे अशा असंख्य घटनांची बेरीज, जिच्यातील एकही वेगळी काढून पंचनाम्यावर ठेवता येत नाही. त्यातच भरतीच्या रेषेखाली गेलेली जमीन कायद्याने शासनाची होते. १८७९ च्या कायद्याने निदान ती खात्यातून वजा तरी केली असती.

धुपीवर सरकारचा पैसा जातो तो वेगळ्या मार्गाने, म्हणजे पत्तन विभागामार्फत बांधल्या जाणाऱ्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांवर. मोठे दगड उतारावर रचून केलेली ही भिंत लाटेचा जोर तोडते, परंतु तिच्या पायाशी वाळू खचत गेली की दगड खाली बसतात आणि भिंतीची टोके संपतात तेथे शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढते. मग शेजारची वाडी बंधारा मागते, आणि ती मागणी रास्तच असते. दरम्यान १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवे बांधकाम रोखले आणि जुन्या अधिकृत घरांची दुरुस्ती मूळ जोत्याच्या मापातच करण्यास मुभा दिली. किनारा मोकळा राहावा हा त्यामागचा हेतू योग्य होता. परंतु पाणी अंगणाशी आलेल्या घराला सरकारी अनुदानातून जी दुरुस्ती करायची ती त्याच जोत्यावर, असा त्याचा व्यवहारातला परिणाम झाला.

तारीख नसलेली हानी कक्षेबाहेर राहण्याच्या या दोषाची पहिली स्पष्ट कबुली पंधराव्या वित्त आयोगाच्या अहवालात आढळते. २०२१ ते २०२६ या काळासाठी आयोगाने आपत्ती सौम्यीकरणाच्या राष्ट्रीय निधीत धूप रोखण्याच्या उपायांसाठी १,५०० कोटी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीत धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये सुचवले. ही रक्कम नदीकाठ आणि समुद्रकाठ मिळून साऱ्या देशासाठी आहे. समुद्राने हळूहळू नेलेले घर ही सार्वजनिक खर्चाची बाब आहे हे यामुळे मान्य झाले, पण खर्चाचा दुसरा भाग हलण्यासाठी आहे, आणि देवबागसारख्या पट्ट्यावर मागे सरकायला जागा पट्ट्याच्या रुंदीइतकीच आहे. गाव सोडून आत जायचे तर किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या रापणीच्या जाळ्याला जागा लागते ती किनाऱ्यावरच, आणि पर्यटकांसाठी चालवलेली निवासस्थाने चालतात तीही तेथेच. केंद्राच्या निकषांत पूर्ण मोडलेल्या होडीसाठी ९,६०० रुपयांचा आणि पूर्ण गेलेल्या जाळ्यासाठी २,६०० रुपयांचा दर तौक्तेच्या वेळी होता. होडी जेथे ओढून ठेवायची त्या जागेसाठी दर नव्हता.